एका लग्नाच्या नऊ नोंदी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

केरूदादांना दहापैकी तीन. मला नऊ!

गुणांचा कागद पेणच्या ऑफिसात लावलाय, पाण्याच्या मशीनच्या वरच. म्हणजे पाणी प्यायला गेलेला प्रत्येकजण वाचणार. आमचे प्रमुख अंबरीशसर म्हणाले, "यात लाजायचं काही नाही, ही काय शाळा नाही." मग दहापैकी गुण कशाला देता हो? रोहिणीला पाच. ती शाळांचे कार्यक्रम बघते. आणि रोह्याचं वस्तुसंग्रहालय एकट्यानं सांभाळणाऱ्या माणसाला तीन. एकोणीस वर्षं झाली त्यांना ट्रस्टमध्ये. मला चौदा.

नियम सोपा आहे. आमचा वारसा ट्रस्ट मुंबईच्या एका संस्थेच्या देणगीवर चालतो. त्या संस्थेला आता प्रत्येकाचं काम मोजून हवंय. तीन महिन्यांत जितक्या नवीन नोंदी तितके गुण. मग ते गाणं असो, जुनी वस्तू असो की कुणाची मुलाखत. ऑक्टोबर ते डिसेंबरची तिमाही निर्णायक. तेव्हा जो किमान संख्या गाठणार नाही त्याचं पद "पुनर्विचाराधीन". साध्या भाषेत, घरी बसा.

किमान संख्या चार ठरली होती. आज सात केली. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "नूतन नऊ करू शकते, म्हणजे सात अशक्य नाहीत." टाळ्या झाल्या. केरूदादांनीही वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या. त्यांनी तोंड वाकडं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

माझ्या नऊ नोंदी खोट्या आहेत.

५ ऑगस्ट, मंगळवार

इथे तरी सगळं लिहून टाकते. ही वही कपाटात साड्यांच्या खाली असते, कुणी बघत नाही.

मे महिन्यात गडबला केरूदादांच्या मुलीचं, प्रतिक्षाचं लग्न झालं. आमच्याकडे भटजी येतात ते नंतर. खरं लग्न लावते धवलारीण. मांडव घातल्यापासून पाठवणीपर्यंत ती एकेक विधी गाऊन पार पाडते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. गडबची धवलारीण म्हणजे हौसाआजी. माईकसमोर गाणार नाही म्हणाली होती, पण केरूदादांनी हात जोडले. तीन तास पन्नास मिनिटं रेकॉर्डिंग झालं! इतकं लांब, इतकं अख्खं आमच्या ट्रस्टकडे आजवर नव्हतं. मी त्या दिवशी जेवायचंही विसरले होते.

मग जून संपत आला. माझ्या नावावर नोंद किती? एक. ते लग्न. एप्रिल-मे मी चारशे जुन्या कॅसेटी पुसण्यात आणि त्यांची यादी करण्यात घालवले. बुरशी चढली होती हो! पण गुणपत्रकात कॅसेट पुसायला रकाना नाही. त्यातच आमच्या यांचं डोलवीच्या कारखान्यातलं कंत्राट मेअखेर संपलं. घरी बसलेत. सारखा पंखा पुसतात.

अठ्ठावीस जूनला दुपारी ऑफिसात कुणी नव्हतं. मी हौसाआजीच्या रेकॉर्डिंगचे नऊ तुकडे केले. मांडवाचा एक, हळदीचा एक, तेलाचा एक, असं करत करत. एक गडबलाच ठेवला. बाकी आठांना वेगवेगळी गावं दिली – वडखळ, कासू, आमटेम, सुचेल ते. वेगवेगळ्या बायकांची नावं दिली. जेमतेम दीड तास लागला. चौदा वर्षांत एवढं झटपट काम मी कधी केलं नव्हतं.

११ ऑगस्ट, सोमवार

दारावर बेल वाजली की आधी खिडकीतून बघते. आज कुरियरवाला होता.

१८ ऑगस्ट, सोमवार

मेल आला. चौदा ऑक्टोबरला देणगीदार संस्थेच्या उर्वी मॅडम "नोंदींची पडताळणी" करायला येणार. संगणकावरच्या मूळ फाइली बघणार. मूळ!

संध्याकाळी केरूदादांचा फोन. मला वाटलं, झालं, कळलं यांना. तर म्हणतात, "नूतन गो, ते लग्नाचं रेकॉर्डिंग एका पेनड्राइववर दे ना. सरूला ऐकायचंय. पोरगी गेल्यापास्नं घर खायला उठतंय बोलते."

सरू म्हणजे त्यांची बायको.

"देते की दादा," मी म्हटलं. माझा आवाज इतका गोड निघाला की माझीच मला शिसारी आली.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पुसून टाकलं.

संगणकावरून, कार्डावरून, कपाटातल्या डिस्कवरूनही. मूळ तीन तास पन्नास मिनिटं राहिलं असतं, तर उर्वी मॅडमनी दोन मिनिटांत ओळखलं असतं की नऊ तुकडे याच कापडाचे आहेत. आता फक्त तुकडे आहेत. सगळे मिळून बेचाळीस मिनिटं.

बाकीचे तीन तास गेले. हौसाआजी मधेच थांबून मागच्या बायांना रागावते – "पुढं पळू नका गो, नवरीला पाऊल टाकू द्या." ते गेलं. चहा पिताना कुठल्या धवल्यानंतर कुठला येतो ते सांगते, ते गेलं. सरूवहिनींचं रडणं गेलं. चार बोटांनी बटणं दाबली नि गेलं.

मी चारशे कॅसेटींची बुरशी पुसणारी बाई आहे. हे मी केलं.

२० ऑगस्ट

जेवण गेलं नाही. यांना सांगितलं, पित्त झालंय.

१० सप्टेंबर, बुधवार

कामासाठी रोह्याला गेले. केरूदादांना टाळता येईल तर बघू म्हणून मुद्दाम दुपारची गाडी धरली. ते दारातच उभे!

त्यांनी या तिमाहीत दोनच नोंदी केल्यात. दुसरी कुठली, तर भात मोजायची लाकडी पायली. त्यासाठी ते एका घरी तीनदा गेले. त्यांची रीतच तशी. पहिल्यांदा जायचं ते फक्त चहा प्यायला. दुसऱ्यांदा वस्तू बघायची, पण मागायची नाही. तिसऱ्यांदा घरातली म्हातारी आपणहून सांगायला लागते, तेव्हा वही काढायची. पायलीच्या कडेला तीन खाचा होत्या. म्हातारीनं सांगितलं, तिच्या सासूची तीन मुलं जगली नाहीत, एकेकाची एकेक खाच. तेव्हापासून त्या घरात या पायलीनं भात मोजत नाहीत, नुसती जपून ठेवतात. हे पहिल्या भेटीत कोण सांगणार? मी विचारायला गेले असते तर उंची, व्यास आणि फोटो घेऊन परत आले असते.

"दादा, जरा वेग वाढवा," मी म्हटलं. "सात लागतात."

"लागतात खरं." हसले. "पन लोकांच्या घरात घुसून कसं विचारायचं गो, तुमचं कोन मेलं म्हनून?"

निघताना म्हणाले, पेनड्राइव राहिला. मग हळूच – "प्रतिक्षा गौरीला आली ती हितंच हाय. दहा दिवस झाले. काय बोलत नाय, जेवत नाय. सरू बोलते, लग्नाचे धवले लावू घरात, पोरीचं मन लागंल."

मी काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही. गाडीत जागा असूनही नागोठण्यापर्यंत उभीच होते.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज गडबला गेले, हौसाआजीकडे. रजा टाकून. डोक्यात एकच – आजीला पुन्हा गायला लावायचं, अख्खं, पहिल्यापासून. मग सरूवहिनींना देता येईल. नऊ नोंदींचं जे व्हायचं ते होवो.

आजी अंगणात वाल निवडत होती. मी साखर नेली होती. तिनं पिशवीकडे बघितलंही नाही.

"गाईन की. लगीन कोनाचं हाय?"

"लग्न नाही आजी. असंच. ट्रस्टसाठी."

"असंच?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पदर सारखा केला. "देवाला बोलवायचा नि पाटावर बसवायचा नाय? मना नाय जमायचं."

मी म्हटलं, थोडंसं तरी, एखादा तुकडा. तर आजी वाल निवडायची थांबली.

"तुकडा? धवला एकदा धरला क सोडायचा नाय गो. माझी सासू तापानं फणफणली होती, तरी पाठवणीपातूर गायली. मधी तोडला तं नवरानवरीचं तुटतंय."

मी विचारलं, आणि कुणी नंतर तोडला तर? मशीनवर?

"मशीनचं मना काय ठावं," म्हणाली. "तोडला म्हंजे तोडला."

येताना एसटीत मला घाम फुटला होता. बाजूच्या बाईनं खिडकी उघडून दिली.

१६ सप्टेंबर

मी असल्या गोष्टी मानत नाही. ग्रंथालयशास्त्राची पदविका आहे माझ्याकडे.

१७ सप्टेंबर

मानते.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

नऊ तुकडे परत जोडून बघितले. कानाला हेडफोन लावून, दार आतून लावून. जोडले जातच नाहीत. मांडवाचा धवला संपतो आणि एकदम पाठवणीच्या धवल्यात पडतो. मधे हळद आहे, पण तीही अर्ध्यापासून. मीच मधून कापली होती, कारण पाच मिनिटांच्या वरची फाइल यादीत नीट बसत नव्हती.

प्रतिक्षा अजून माहेरीच. रोज केरूदादांना काहीतरी निमित्त काढून फोन करते आणि शेवटी विचारते, "प्रतिक्षा कशी आहे?" त्यांना वाटतं मी किती प्रेमळ!

२९ सप्टेंबर, सोमवार

कावीळ! प्रतिक्षाला कावीळ झाली होती! डॉक्टरनं तपासलं, औषध दिलं, आता डोळ्यांतला पिवळेपणा गेला आणि काल नवरा येऊन घेऊन गेला. तो मधे चारदा येऊन गेला होता म्हणे, शहाळी घेऊन. मला कुणी सांगितलंच नाही. मी इकडे त्यांचा संसार मोडून बसले होते!

ऑफिसच्या मोरीत जाऊन हसले. मग रडले. रोहिणी बाहेरून, "मॅडम, बरं वाटत नाही का?"

बरं वाटतंय म्हटलं. खरंच वाटत होतं. दहा मिनिटं.

४ ऑक्टोबर, शनिवार

दुसऱ्या तिमाहीचे गुण लागले. मला सात. सात मुलाखती घेतल्या, घाईघाईत, प्रत्येकीच्या घरी जेमतेम अर्धा तास. खऱ्या आहेत, पण त्यात काही नाही. केरूदादांना दोन.

त्यांनी कागद वाचला, पाणी प्यायले, ग्लास विसळून ठेवला.

"डिसेंबरला काय व्हतंय बघू," एवढंच बोलले. बावन्न वर्षांचं वय. या वयात कोण घेणार त्यांना? रोह्यातल्या कंपन्यांना पोरं लागतात.

सातची अट माझ्यामुळे झाली. नऊ लिहिले नसते तर चार राहिली असती. चारचं त्यांनी कसंबसं जमवलं असतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

उद्या उर्वी मॅडम येणार.

आठ खोट्या गायिकांची यादी पाठ करत बसले. आणि जीवच गेला – आमटेमच्या बाईचं नाव मी चंद्रावती दिलंय. चंद्रावती माझी सासू! त्या दिवशी घाईत सुचेल ते लिहिलं. सासूबाईंना आरतीसुद्धा सुरात म्हणता येत नाही. त्या आत टीव्ही बघतायत आणि इकडे मी त्यांना धवलारीण करून ठेवलंय.

बदलता येत नाही. यादी जुलैतच मुंबईला गेली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आजच लिहायला हवं.

उर्वी मॅडम अकराला आल्या. लहानच आहे मुलगी, तिशीची असेल. सभ्य. सगळ्यांना अहो-जाहो. अंबरीशसर, रोहिणी, मी, आणि रोह्याहून केरूदादाही आले होते. त्यांच्या पहिल्या तिमाहीच्या तीन नोंदी पाच मिनिटांत संपल्या. मग माझ्या नऊ. स्पीकर लावला.

पहिला गडबचा. दुसरा वडखळचा. "सुंदर," मॅडम म्हणाल्या. तिसरा आमटेमचा. "या चंद्रावतीबाईंना आज भेटता येईल का? एकीला तरी प्रत्यक्ष भेटायचंय मला."

माझ्या तोंडून निघालं, "त्या आजारी आहेत हो. फार." निघालं आणि मनात आलं, आता घरी गेल्यावर सासूबाई खरंच आजारी असल्या तर?

"अरेरे," मॅडम म्हणाल्या. "बरं, पुढचा लावा."

कासूचा लागला. हळदीचा. मधे हौसाआजी श्वास घेते, तेवढ्या फटीत मागून एका पुरुषाचा आवाज येतो, लांबून पण स्वच्छ – "सरूऽ! कलश कुठं ठेवलास गो?"

केरूदादांचा आवाज.

मी हा तुकडा दहा वेळा ऐकला असेल. मला तो आवाज कधी ऐकूच आला नव्हता! मी नुसतं गाणं कुठून कुठे कापायचं तेवढंच ऐकत होते.

केरूदादांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे. स्पीकरवर त्यांच्याच मुलीची हळद चालली होती आणि पडद्यावर नाव होतं कासूचं.

उर्वी मॅडम म्हणाल्या, "मला एक विचारायचंय. हे आवाज... सगळे एकाच बाईसारखे का वाटतात?"

वर पंखा फिरत होता. मला वाटलं, मी आता खुर्चीवरून पडणार, आणि पडले तर बरं.

"आमच्याकडं समद्या बाया अशाच गातात, मॅडम." केरूदादा. "सासूकडनं सून शिकते, एकीसारखीच दुसरी. बाहेरच्याला फरक कळायचा नाय."

"असं होय," म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतलं. मग पुढचा लावलाच नाही. जेवायची वेळ झाली होती.

केरूदादा जेवायला थांबले नाहीत. दीडची गाडी आहे म्हणाले.

१५ ऑक्टोबर

सासूबाई ठणठणीत आहेत. सकाळी वाटाण्यावरून भांडल्या. मी त्यांना मिठीच मारणार होते.

बाकी काही लिहवत नाही. त्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं. पायलीच्या तीन खाचांसाठी तीनदा जाणाऱ्या माणसानं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सरांना सांगितलं. सगळं. उभ्यानंच, कारण बसले असते तर बोलले नसते. नऊ नोंदी म्हणजे एकच लग्न, मूळ पुसलं, केरूदादा मला वाचवायला बोलले. मला काढा, म्हटलं. त्यांना ठेवा.

अंबरीशसरांनी उठून दार लावलं. वाईट माणूस नाही तो. वडिलांची जागा ट्रस्टला दिली त्यानं, स्वतः पगार घेत नाही.

"नूतन, हे तू मला सांगितलेलं नाहीस," म्हणाले. "आकडे वर गेलेत. कालच मुंबईहून फोन आला, पुढची तीन वर्षं मंजूर. आता आपण म्हणायचं की चुकलं? म्हणजे तू घरी, केरू घरी, रोहिणी घरी, नि त्या चारशे कॅसेटी भंगारात."

"आणि केरूदादा?"

"त्याला सांग, डिसेंबरपर्यंत सात कर." मग दाराकडे बघत म्हणाले, "कसे ते मी विचारणार नाही."

मी बाहेर आले. काढलं नाही मला! खूश व्हायला हवं होतं. पाण्याच्या मशीनपाशी उभी राहिले तर गुणांचा कागद समोर, माझं नाव सगळ्यात वर. परत आत जाऊन ते नाव पुसा म्हणायची हिंमत झाली नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी झाली. आज रोह्याला गेले. आज सांगायचंच होतं. संग्रहालयात कुणी नव्हतं. केरूदादा तांब्याच्या हंड्याला चिंच लावून घासत होते. मी बाजूला पाटावर बसले.

"मना म्हाईत हाय," मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले. "माझ्या पोरीच्या लग्नाचं गानं हाय ते. त्याच्यावरनं कुनाची नोकरी जाव नये, म्हनून बोललो. तुझ्या नवऱ्याचं काम सुटलंय ना? जाव दे."

मला रडू येईना.

"फकस्त ते अख्खं दे, सरूला. कवापास्नं मागते."

हेच. या एका वाक्याला मी ऑगस्टपासून घाबरत होते. पडताळणीपेक्षा, नोकरीपेक्षा जास्त.

सांगितलं. पुसलं म्हणून. तुकडे आहेत, नऊ, बेचाळीस मिनिटं, ते देते.

ते बराच वेळ हंडाच घासत राहिले. जिथे लख्ख झाला होता तिथेच.

"तुकडं नको," म्हणाले. मग, "सरूला मी सांगतो, मशीन बिघडलं."

म्हणजे माझ्यापायी दुसरं खोटं. घरात, बायकोशी.

मग मी सरांचं सांगितलं. सांगायला नको होतं, पण मला वाटलं आता काही लपवू नये. सरांना सगळं माहीत आहे. तीन वर्षं मंजूर झाली. तुम्ही डिसेंबरपर्यंत सात करा, कसे ते विचारणार नाहीत.

त्यांनी हंडा खाली ठेवला.

"सरांना ठाव हाय?"

"हो."

"नि चालतंय?"

मी मान डोलावली. ते उठले, हात धुतले, टॉवेलला नीट पुसले. मग दारापर्यंत सोडायला आले, नेहमीसारखेच. स्टेशनवर वडापाव घेतला, तो तसाच घरी आणला.

१० नोव्हेंबर, सोमवार

नवीन जबाबदारी. इतरांच्या नोंदींची अंतर्गत पडताळणी यापुढे मी करायची. सर म्हणाले, "मुंबईचाच आग्रह आहे. तुझं काम त्यांना आवडलंय." पत्रही आलंय, माझ्या नावाचं.

यांनी ते पत्र फ्रेम करायचं म्हटलं. मी ओरडले त्यांच्यावर. बिचारे पंखा पुसायला गेले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

गडबमध्ये परवा एक लग्न झालं. हौसाआजी गायली म्हणे, सकाळपासून पाठवणीपर्यंत. मला कळलंच नाही वेळेवर. पूर्वी केरूदादा आधी आठवडाभर फोन करून सांगायचे – नूतन गो, अमक्या तारखेला ये, मशीन घेऊन ये. या वेळी फोन आला नाही.

रागावले असतील तर बरं. मी त्यांच्या जागी असते तर तोंड बघितलं नसतं. पण डिसेंबर जवळ आला. त्यांच्या नावावर अजून शून्य आहे. रोज यादी उघडून बघते. शून्य. ते जाणार आणि त्यांच्या जाण्यावर पडताळणीची सही माझी असणार.

१५ डिसेंबर, सोमवार

शून्य.

२२ डिसेंबर, सोमवार

अजून शून्य. ठरवलं. एकतीस तारखेपर्यंत त्यांचे सात झाले नाहीत तर मीच मुंबईला मेल करणार. उर्वी मॅडमना थेट. सगळं लिहून ठेवलंय, पाठवायचं बटण तेवढं दाबायचं. भीती वाटते. पण अशी भीती चालेल, ती माझी मला आहे.

५ जानेवारी २०२६, सोमवार

मेल पाठवावा लागला नाही. केरूदादांचे दहा झाले! दहापैकी दहा, ट्रस्टमध्ये सगळ्यात जास्त. पडताळणीला रोह्याला गेले. दालनाच्या मध्यभागी जुना नांगर असायचा, तो सुटा करून ठेवलाय. फाळ एका टेबलावर, रुमणं दुसऱ्यावर, जू तिसऱ्यावर. प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी, वेगळं गाव, वेगळ्या शेतकऱ्याचं नाव. अक्षर त्यांचंच, सुबक. ते बाजूला उभे राहिले, म्हणाले, "बघून घ्या मॅडम, बरोबर हाय ना." चौदा वर्षांत त्यांनी मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. मी दहाही ठिकाणी सही केली.